मधपेट्यांच्या अलार्मच्या नावाखाली चाललेली फसवणूक

भुदरगड, राधानगरी, आजरा भागातल्या मधपाळांनी हे जरूर वाचावं. पेटीला कुणी हात लावला की तुमच्या मोबाईलवर फोन येईल, असा अलार्म विकत एकजण गावोगाव फिरतोय. माझ्याकडून त्यानं पूर्ण पैसे घेतले आणि हातात दिल्या त्या प्लास्टिकच्या पोकळ डब्या.

आपली अडचण त्याला नेमकी ठाऊक आहे. सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाशीच्या, पेट्या जंगलाच्या कडेला, घर लांब. रात्री सगळ्या माश्या आत असतात. तेव्हा दार बंद करून वसाहतीसकट पेटी उचलायला चोराला कितीसा वेळ लागतो? माझ्या दोन पेट्या अशाच गेल्या. अस्वलाची भीती वेगळीच. जपून वाढवलेली वसाहत गेल्यावर जीव कसा तुटतो ते मधपाळालाच विचारा.

कोल्हापुरात त्यानं रिकाम्या पेटीवर डबी लावून दाखवली. पेटी जरा कलली की माझा फोन वाजायचा. ती डबी खरी होती. “दादा, निम्मे आत्ता द्या, निम्मे बसवल्यावर.” मग एक पोरगा येऊन डब्या बसवून गेला. सिम चालू व्हायला वेळ लागेल म्हणाला, उरलेले पैसे घेतले आणि त्यानंतर दोघांचेही फोन बंद.

राजारामपुरीत ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे एक डबी खोलली. अँटेना बाहेरून नुसती चिकटवलेली, आत वायरच नाही. सोलर पट्टीच्या दोन्ही वायरी कापून कोंबलेल्या. सिमला खाच नाही. होता तो फक्त लुकलुकणारा हिरवा दिवा आणि एक 18650 सेल, त्यावर 9800 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं. “काका, या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या आसपासच मावतं, हा आकडाच खोटा,” दुरुस्तीवाला म्हणाला.

अशी यंत्रणा खरीही मिळते. त्यात कलणं-हलणं ओळखणारा सेन्सर, सिमचं मोडेम आणि बॅटरी असते. पण रेंज नसेल तर ती मुकीच. त्यात स्वस्त मोडेम बहुतेक टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाही, म्हणजे जिओचं कार्ड त्यात चालणारच नाही. “जीपीएस आहे, चोर कुठं गेला ते दिसेल” हेही तसंच: जागा कळली तरी ती तुम्हाला कळवायला नेटवर्क लागतंच. म्हणून शहरातल्या प्रात्यक्षिकावर जाऊ नका. डबी तुमच्या समोर उघडायला लावा, तुमचंच सिम घाला, पेटी जिथं ठेवता तिथं रात्री हलवून बघा. फोन आला तरच पैशाचं बोलणं.

बिलही बघा. माझ्या बिलावर पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात 29 नं. महाराष्ट्राचा क्रमांक 27 नं सुरू होतो, 29 कर्नाटकचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून फुकट तपासता येतो. माझ्या बिलावरचा तिथं सापडलाच नाही.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमचे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि ती डबी रागानं फेकू नका. बिल, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचा नंबर यांच्यासोबत पुरावा म्हणून जपून ठेवा.