बेटकास्टरचा गुंता: मॅग्नेटिक, सेंट्रीफ्युगल, डीसी, का सरळ स्पिनिंगच घ्यावं?

हरिपूरला संगमाच्या जरा खालच्या अंगाला मी एकदा पाऊण तास मान खाली घालून बसलेलो, हातात नवंकोरं बेटकास्टर (मासे धरायच्या रॉडवरचं रील, ज्याचं लाइन गुंडाळलेलं चाक, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरतं) आणि स्पूलवर एवढा गुंता की सुगरण पक्षी बघून राहायलाच आला असता. आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून आणलेली, तिनं एकेक वेढा उचलत होतो, आणि पलीकडच्या काठाला गाळावर एक मगर जबडा उघडून पडलेली, ती पण बहुतेक माझीच मजा बघत असावी. सांगलीकरांना मगरीचं नवल नाही, पण मान खाली घालून बसायची ती जागा नव्हे एवढं त्या दिवशी कळलं. शेवटी लाइन कापली, चाळीसेक मीटर ब्रेड (विणलेली लाइन) गेली आणि हात हलवत घरी आलो.

तेव्हापासून ओळखीतलं जो कोण रील घ्यायचं म्हणतो तो मला हेच विचारतो, गुंता न होणारं बेटकास्टर कुठलं? तसलं रील नसतंय बघा. कमी गुंता करणारं असतंय, आणि ते पण तुम्ही काय फेकता, कुठं फेकता आणि अंगठा किती जागा ठेवता यावर आहे. आमच्या घरात योगायोगानं तिन्ही प्रकार जमलेत, माझं मॅग्नेटिक ब्रेकचं, कराडच्या मावसभावाचं सेंट्रीफ्युगल आणि साताऱ्याच्या दाजींचं डीसी, त्यामुळं भांडायला विषय कायम असतो.

आधी गुंता होतो कशानं ते बघू, नाहीतर पुढचं सगळं दुकानदाराच्या बोलण्यासारखं वाटेल. उसाचा ट्रॅक्टर आठवा, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. ड्रायव्हरनं अचानक ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबतो पण ट्रॉल्या थांबत नाहीत, त्या ढकलत येतात आणि अंगावर चढतात. इथं लुअर (माशाला फसवायचं खोटं आमिष) म्हणजे ट्रॅक्टर आणि स्पूल म्हणजे ट्रॉली. फेकल्यावर लुअर लाइन ओढतं, स्पूल गरागरा फिरतं, मग हवेनं लुअरचा वेग कमी होतो पण स्पूल आपल्याच तालात फिरत राहतं, लाइन जेवढी बाहेर जाते त्याच्यापेक्षा जास्त सुटते, ती जादा लाइन स्पूलवरच फुगते आणि झाला गुंता. हे तीन वेळा होऊ शकतं. एक, फेकल्या फेकल्या, जेव्हा तुम्ही हिसका दिलेला असतो. दोन, मधेच समोरून वारा आला तर. तीन, लुअर पाण्यावर पडतं तेव्हा, म्हणजे ट्रॅक्टर भिंतीलाच धडकला असं समजा. ब्रेकची सगळी भानगड या तीन जागा सांभाळायची आहे.

मॅग्नेटिकमध्ये स्पूलच्या शेजारी बारके चुंबक असतात. स्पूल अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण ते चुंबकासमोर फिरलं की धातूत वीजप्रवाह तयार होतात आणि तेच प्रवाह फिरण्याला विरोध करतात. कुठं काही घासत नाही, झिजत नाही. जेवढा वेग तेवढा विरोध, आणि तो शेवटपर्यंत थोडा थोडा राहतो. फायदा असा की बाहेर बाजूला डायल असते, बहुतेक ० ते १०, वारा आला की दोन घरं वाढवायची, वारा पडला की उतरवायची, रील उघडायला लागत नाही. तोटा म्हणजे शेवटच्या टप्प्यात पण ब्रेक धरून ठेवतो त्यामुळं अंतर जरा कमी पडतं. मला ते चालतं. कृष्णेच्या काठावरनं मरळ धरायला पन्नास मीटर फेकायची गरजच नसते, मरळ असतंय कडेच्या शेवाळात नाहीतर जलपर्णीच्या फटीत, तिथं अंतरापेक्षा नेम लागतो.

सेंट्रीफ्युगलमध्ये स्पूलच्या बाजूला प्लास्टिकचे बारके ठोकळे असतात, चार नाहीतर सहा, स्पूल फिरलं की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. यात विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ब्रेक चौपट. म्हणून सुरवातीच्या हिसक्याला हा ब्रेक लय जोरात धरतो आणि शेवटी जवळजवळ सोडून देतो, लुअर मोकळं जातं. मावसभाऊ कराडला प्रीतिसंगमाच्या वरच्या बाजूला उभा राहून जे अंतर काढतो ते मला निघत नाही, हे मान्य करतो (त्याच्या समोर नाही). पण शेवटचा टप्पा मोकळा म्हणजे पाण्यावर पडताना सगळी जबाबदारी अंगठ्याची, तिथं डुलकी लागली की संपलं. दुसरं, साध्या रीलात किती ठोकळे चालू ठेवायचे हे बाजूचं झाकण उघडून ठरवावं लागतं, आणि बंद करायचे ते समोरासमोरचे जोडीनं, नाहीतर स्पूलचा तोल जातो. चिखलाच्या हातानं, गवतात उभं राहून झाकण उघडायचं आणि तो मुगाएवढा ठोकळा खाली पडला तर शोधत बसायचं, हे मी डोळ्यानं बघितलंय. हल्ली काही रीलांत सेंट्रीफ्युगलला पण बाहेरून डायल देतात, काहींत दोन्ही ब्रेक एकत्र असतात, तसलं बजेटात बसत असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

डीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल, शिमानोचं. आत एक छोटा कॉम्प्युटर स्पूलचा वेग मोजत राहतो आणि लागेल तेवढाच ब्रेक लावतो. याला बॅटरी नाही, स्पूल फिरल्यावर जी वीज तयार होते तिच्यावरच चालतं, हे दाजींना पहिले दोन महिने पटतच नव्हतं, ते चार्जिंगचं भोक शोधायचे. फेकलं की कुईईई असा आवाज येतो, त्या आवाजाचे पैसे वेगळे घेतात असं मावसभाऊ म्हणतो.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघं उरमोडीच्या पाण्यावर गेलो, परळीच्या बाजूला, वर सज्जनगड आणि समोरून वारा असा की टोपी राहिना. साताऱ्याच्या वाऱ्याबद्दल सांगायला नको, चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिघांच्या लाइनला सारखंच १४ ग्रामचं वजन बांधलं, गळ काढून, आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकत बसलो. मावसभावाचं दुसऱ्याच फेकीला फुगलं, कारण मधल्या टप्प्यात वाऱ्यानं वजन अडवलं आणि तेवढ्यात त्याचा ब्रेक सुटत आलेला. त्यानं झाकण उघडून दोन ठोकळे अजून चालू केले तेव्हा जमलं. माझं डायल ८ वर ठेवून नीट गेलं, पण अंतर बघून दोघं हसले. दाजींचं मात्र कुठंच अडलं नाही, आणि दाजी तसे हातानं फार तयार नाहीत हे लक्षात घ्या. मग त्यांनी जोशात येऊन बाजूनं फेकलं ते वजन करंजाच्या फांदीला बसलं, तिथं हवेतच थांबलं, आणि डीसीमध्ये पण सुगरणीचा खोपा तयार झाला. अचानक थांबलं तर कॉम्प्युटर पण काही करू शकत नाही, अंगठाच लागतो.

आता माझं मत विचाराल तर पहिलं बेटकास्टर मॅग्नेटिक घ्या. डीसीचे पैसे असतील तर घ्या, नको कोण म्हणतंय, पण त्या फरकाच्या पैशात चांगला रॉड, चार फ्रॉग (बेडकाच्या आकाराची लुअर) आणि वर्षभराची लाइन येते. सेंट्रीफ्युगल त्याला, ज्याचं वजन ठरलेलं आहे, रोज तेच १५-२० ग्रामचं लुअर फेकतो आणि अंतर पाहिजे. जो आज फ्रॉग, उद्या स्पिनर, परवा अजून काहीतरी लावतो त्याला बाहेरची डायलच बरी.

आणि जर तुम्ही गांडूळ, कणकेचा गोळा असलं हलकं आमिष टाकून चिलापी, रोहू धरत असाल तर बेटकास्टर घेऊच नका, खरंच. साध्या बेटकास्टरला ७ ग्रामच्या खालचं वजन स्पूल ओढायलाच पुरत नाही, मग माणूस जोर लावतो, हिसका बसतो आणि गुंता. स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल फिरतच नाही, लाइन नुसती वेढ्यावेढ्यानं निसटते, त्यामुळं ही ट्रॉली ढकलत यायची भानगडच नाही. त्याचं दुखणं वेगळं, लाइनला पीळ पडतो आणि बारक्या ब्रेडला हवेत गाठ बसते, पण फेकल्यावर स्पूलवरची लाइन अडवणारी तार हातानं पाडली, हँडल फिरवून नाही, आणि लाइन जरा ताणून मग गुंडाळली तर ते बरंच कमी होतं. मग बेटकास्टर कशाला? तर जलपर्णीत मरळानं फ्रॉग गिळून बुडी मारली की त्याला ओढून काढायला जाड ब्रेड आणि रीलमधली ताकद लागते, आणि अंगठ्यानं लुअर पाहिजे त्या फटीत थांबवता येतं. ते सुख स्पिनिंगमध्ये नाही.

लाइनवर लोक कमी बोलतात आणि माझे पैसे तिथंच गेलेत. मी पहिल्याच दिवशी ब्रेड भरली, ती पण काठोकाठ आणि खाली मोनोचा (साध्या नायलॉन लाइनचा) थर न देता. ब्रेड मऊ, फुगली की वेढे एकमेकांत घुसतात आणि निघत नाहीत, शिवाय खाली थर नसला तर जोर आल्यावर अख्खी ब्रेड स्पूलवर घसरते. फ्लोरोकार्बन उलटं, ताठ, स्प्रिंगसारखं उसळी मारून बाहेर येतं, शिकणाऱ्यानं नादाला लागू नये. शिकायला साधी नायलॉन मोनो, आपली तंगूस, १२ ते १४ पाउंड ताकदीची, स्वस्त, गुंता झाला तर दिसतो तरी आणि कापायला जीव तुटत नाही. भरताना स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवायचं. महिना-दोन महिन्यांनी हात बसला की मग वरती ब्रेड घाला.

सेटिंगमध्ये एक घोळ सगळे करतात, हँडलच्या बाजूचा टेन्शन नॉब आणि ब्रेक एकच समजतात. टेन्शन नॉब लुअरच्या वजनासाठी. लुअर लटकवा, स्पूल मोकळं करायचं बटण दाबा, ते सावकाश खाली आलं पाहिजे आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबलं पाहिजे, एखादा वेढा फिरला तर चालेल. धपकन पडलं तर नॉब आवळा, खालीच आलं नाही तर सैल करा, आणि लुअर बदललं की परत बघा. ब्रेक सुरवातीला सगळ्यात वर ठेवा आणि दर दहा-बारा फेकींनी एकेक घर कमी करा. गुंता झाला की एक घर परत वर. बरेच जण ब्रेक कमी ठेवून नॉबच गच्च आवळतात, मग अंतर पण जात नाही आणि वाऱ्यात गुंता व्हायचा तो होतोच.

अंगठा स्पूलवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, कढत चहाचा कप उचलताना लावतो तेवढाच. लुअर पाण्याला लागायच्या जरा आधी तो दाबायचा. फेकताना वरून हिसका देण्यापेक्षा बाजूनं, गोल, सावकाश फिरवून फेका, स्पूल हळूहळू वेग धरतं. सराव घरामागच्या रानात, कांदा नाहीतर हरभरा काढलेल्या मोकळ्या पट्टीत करा, १४ ग्रामचं वजन बांधून आणि गळ काढून. आणि एक युक्ती जी मला उशिरा कळली: जेवढी लांब फेक जाते तेवढी लाइन बाहेर काढा, वर अजून पाचेक मीटर ओढा आणि स्पूलवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक वेढा मारा, मग वरची लाइन गुंडाळा. कितीही मोठा गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. मोठा मासा लांब पळाला तर पट्टी आडवी येते, तेवढं आहे, पण ती शिकायच्या दिवसांपुरतीच लावायची.

झालाच गुंता तर ओढू नका. ड्रॅग (मासा ओढताना लाइन किती जोरावर सुटेल ते ठरवणारा पेच) आवळा, अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल चार-पाच वेळा फिरवा, मग बटण दाबून लाइन हळू ओढा. अडली की परत तसंच. निम्म्याहून जास्त गुंते एवढ्यात सुटतात, उरलेल्यांना आईची सेफ्टी पिन.

जायच्या आधी त्या पाण्याचा मासेमारीचा ठेका कुठल्या सोसायटीकडं आहे ते विचारून जा, आणि कोयनेच्या शिवसागराला अभयारण्य लागून आहे, तिकडं रॉड घेऊन जायचा विचार करू नका.

अजून एक, ऑर्डर टाकायच्या आधी उजव्या हँडलचं का डाव्या हँडलचं ते नीट बघा. स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं नाही. दाजींनी बघितलं नाही, त्यामुळं ते आता उजव्या हातानं फेकतात, रॉड डाव्या हातात घेतात आणि मग उजव्यानं गुंडाळतात, आणि या हातबदलात पाण्यावर टेकलेला फ्रॉग दोन सेकंद तसाच तरंगत राहतो. उरमोडीला त्यांना त्या दिवशी जे एकमेव मरळ लागलं ते त्याच दोन सेकंदांत लागलं, त्यामुळं ते रील बदलायला तयार नाहीत.