चौदा महिने, 26 हजार किलोमीटर: माझ्या एलएफपी बॅटरीला 80 टक्क्यांचा नियम लागू नव्हता

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत आज हीच लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी आहे, आणि मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल. माझी बॅटरी 40 युनिटची. राहतो साताऱ्यात, नोकरी कोरेगावला, आणि दर पंधरा दिवसांनी बाबांना तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं.

गाडी घेतली तेव्हा ज्याने त्याने एकच सल्ला दिला: 80 टक्क्यांच्या वर चार्ज करू नकोस, बॅटरी टिकेल. मी तो तीन महिने काटेकोरपणे पाळला. पुण्याहून येताना वाटेत चार्ज केली तरी 80 झाले की वायर काढायची.

मग एका संध्याकाळी शिरवळला 38 टक्के दिसत होते. घरी पोचून 12-15 उरतील असा हिशेब. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि आकडा 34 वरून थेट 19 वर आला. बाबा शेजारी, बाहेर अंधार. एसी बंद केला, वेग उतरवला. घाट ओलांडल्यावर एका हॉटेलच्या आवारात चार्जर मिळाला आणि तिथे पाऊण तास थांबलो. सर्व्हिस सेंटरवर ‘सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. खरं कारण मला आणखी महिनाभराने, स्वतः वाचून कळलं.

घरातला गॅस सिलिंडर आठवा. अर्धा संपला तरी ज्योत तशीच, पाव उरला तरी तशीच. शेवटी एकदम मंदावते. म्हणून तर आपण सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो. एलएफपीचं तसंच आहे. सेलचा व्होल्टेज साधारण 3.2 ते 3.3 च्या आसपास बराच काळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरलंय ते नीट सांगता येत नाही. गाडी आत किती करंट गेला, बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत राहते. त्यात रोजची थोडी थोडी चूक साठते. पूर्ण 100 टक्के भरल्यावर व्होल्टेज स्पष्ट वर जातो, तेव्हा गाडीला पक्की खूण मिळते आणि हिशेब नव्याने सुरू होतो. मी तीन महिने ती खूण तिला मिळूच दिली नव्हती. घाटात जोर लागला, व्होल्टेज खाली बसला आणि चुकीचा आकडा उघडा पडला.

80 टक्क्यांचा सल्ला खोटा नाही. तो निकेल-कोबाल्टच्या बॅटऱ्यांसाठी आहे. एलएफपीचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला, 1997 साली तो प्रसिद्ध झाला. यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, आणि फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे तापल्यावर भडकण्याचा धोका बराच कमी. बदल्यात वजनाच्या मानाने ऊर्जा कमी मावते. टेस्लासुद्धा आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा पूर्ण भरा असंच सांगते. शोरूममध्ये बॅटरी कोणत्या रसायनाची आहे हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता दर शनिवारी रात्री घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर 100 टक्के. भरलेली गाडी चार-चार दिवस उभी मात्र ठेवत नाही. रविवारी कुठेतरी जातोच. त्यानंतर आकड्याने एकदाही उडी मारलेली नाही. 100 वरून 20 वर येईपर्यंत, अशी पूर्ण भरायला लागल्यावर पहिल्या महिन्यात 31.6 युनिट मिळत होते, गेल्या महिन्यात 30.8. रस्ता तोच, मोजमाप माझं घरगुती, पण मला यात समाधान आहे.

एक अपवाद पाचगणीत शिकलो. हॉटेलवर रात्रभर चार्ज करून सकाळी 100 टक्क्यांवर पसरणी घाट उतरायला घेतला. एरवी उतारावर ब्रेकचं काम मोटर करते आणि वीज परत बॅटरीत जाते. वाईत पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढलेले असतात. त्या दिवशी बॅटरीत जागाच नव्हती. सगळा भार साध्या ब्रेकवर. खाली धोम धरणाचं पाणी इतकं सुंदर दिसत होतं, पण माझं लक्ष पायाकडेच, आणि वाईत उतरलो तेव्हा चाकांपाशी जळका वास. डोंगरावर मुक्काम असेल तर 90 ला थांबा.

बरेच जण विचारतात, नवीन बॅटऱ्या येतायत, थांबू का? बीवायडी या चिनी कंपनीने मार्च 2025 मध्ये पाच मिनिटांच्या चार्जिंगवर 400 किलोमीटरचा दावा केला, ती बॅटरीही एलएफपीच. पण त्यासाठी 1,000 किलोवॅटचा चार्जर लागतो. माझ्या वाटेवरचे बहुतेक 30 नाहीतर 60 किलोवॅटचे आहेत, आणि एप्रिल-मेच्या दुपारी त्यावरही गाडी पूर्ण वेगाने वीज घेत नाही. रोजचं येणं-जाणं 40-50 किलोमीटर आणि घरी प्लग असेल, तर मी थांबलो नसतो. सोसायटीत चार्जिंगची परवानगीच मिळत नसेल, तर आधी ती मिळवा, मग गाडी बघा.