यॉस्टची मॅच संपल्यावर भांडायला कुठे जायचं

आधीच सांगते, या जागेचं नाव मी लिहिणार नाही. मॅचच्या रात्री तिथे उभं राहायलाही जागा नसते, त्यात मराठी मंडळातली निम्मी जनता येऊन बसली तर मला कोण विचारणार? मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरमध्ये यॉस्ट आइस अरीनापासून (मिशिगन विद्यापीठाचं आइस हॉकीचं रिंक) पायी जाता येतं, बार आहे, खायलाही मिळतं. मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट (राज्यातली दोन विद्यापीठं) अशी मॅच झाली की दोन्हीकडचे लोक एकाच छपराखाली बसून रेफरीच्या नावानं बोटं मोडतात. कॉलेज हॉकीवर भांडायला या गावात मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. जेवायला सापडल्या आहेत.

आमच्या घरची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवऱ्यानं एमएस केलं ईस्ट लान्सिंगला, म्हणजे मिशिगन स्टेट, म्हणजे हिरवा. भाचा सध्या अ‍ॅन आर्बरला शिकतोय, म्हणजे पिवळा-निळा. मी दोघांच्या मधे बसते, कारण माझं कॉलेज यातलं कुठलंच नाही. त्यामुळे दर वादात दोघंही माझ्याकडे वळतात. "मावशी, तूच सांग." "हो, हिलाच विचार." मी सांगितलेलं कोणीच ऐकत नाही, तो भाग वेगळा.

दोन गावांमध्ये जेमतेम 65 मैल. खुन्नस मात्र पिढ्यांची. 2024 सालचंच घ्या. मार्चच्या 23 तारखेला ईस्ट लान्सिंगच्या मन आइस अरीनात, म्हणजे स्टेटच्या रिंकमध्ये, बिग टेन या त्यांच्या लीगची फायनल झाली, स्टेटनं ओव्हरटाइममध्ये 5-4 अशी मारली. नवरा आठवडाभर घरात शीळ घालत फिरत होता. पुढच्याच रविवारी, 31 तारखेला, मिझुरीतल्या मेरिलंड हाइट्सला एनसीएएच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची रिजनल फायनल, समोरासमोर पुन्हा हेच दोघे, आणि मिशिगन 5-2 जिंकून फ्रोझन फोरला, म्हणजे शेवटच्या चार टीमांत, गेलं. शीळ बंद. (तिथे बॉस्टन कॉलेजनं मिशिगनला 4-0 धुतलं, हे नवऱ्याच्या वतीनं नोंदवून ठेवते.)

तर ही जागा. लांबट खोली, एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला पाठ टेकवायचे लाकडी बाक, मधे उंच टेबलं. भिंतीवर जुन्या स्टिक्स आणि फोटो. टीव्ही बरेच आहेत, पण कामाचा एकच, बारच्या वरचा मोठा. त्यावर मॅच रेकॉर्ड होत असते आणि तिचा रिमोट बारटेंडरच्या हातात असतो. बाकीच्या टीव्हींवर बास्केटबॉल चालू असतं, तिकडे कोणी बघत नाही. रिमोटवाला हा बारटेंडर शनिवार-रविवार सकाळी शाळकरी मुलांच्या हॉकीला लाइन्समन, म्हणजे रेफरीचा मदतनीस, म्हणून उभा राहतो. या जागेचे मी जे काही स्टार देणार आहे, ते बहुतेक सगळे त्याचे.

का ते सांगते. रिंकमध्ये बसलेल्या माणसाला निर्णय कळतो, कारण कळत नाही. बर्फावर दोन रेफरी आणि दोन लाइन्समन असतात. शिट्टी होते, रेफरी हातानं खूण करतो, मग पेनल्टी बॉक्सशेजारच्या मॉनिटरवर जाऊन वाकून बघत बसतो. क्रिकेटमध्ये निदान थर्ड अंपायर बोलतो तरी, अल्ट्राएज दाखवा, पुढची फ्रेम दाखवा, सगळं आपल्या कानावर पडतं. इथे पाच मिनिटं फक्त रेफरीची पाठ दिसते. बँड वाजतो, विद्यार्थी काय वाटेल ते ओरडतात, आणि मग अचानक 5 मिनिटांची मेजर, म्हणजे मोठी पेनल्टी. का? घरी जा आणि विचार करत बसा. किंवा इथे या.

आम्ही गेलो त्या शुक्रवारी वाद होता बोर्डिंगचा, म्हणजे समोरच्याला रिंकच्या कठड्यावर जोरात आदळवण्याचा. तिसरा पीरियड, स्टेटचा डिफेन्समन कोपऱ्यात पक (खेळायची रबरी चकती) घ्यायला गेला, मिशिगनचा फॉरवर्ड मागून आला, धडक, काचेचा आवाज सगळ्या यॉस्टभर. रेफरींनी आधी खूण केली, मग मॉनिटर, मग मेजर आणि गेम मिसकंडक्ट. म्हणजे पोरगा बाहेर आणि टीम पाच मिनिटं गोलकीपर सोडून पाचाऐवजी चौघांवर. साध्या मायनरला 2 मिनिटं असतात आणि समोरच्यानं गोल केला की ती संपते. मेजर संपत नाही, पाच मिनिटांत कितीही गोल होवोत. स्टेटनं त्यात गोल केला आणि मॅच तिथेच फिरली.

आम्ही पोचलो तेव्हा बारपाशी एक आजोबा होते, रंग उडालेली पिवळी जर्सी घातलेले, आणि दोन स्टूल सोडून हिरव्या स्वेटरमधल्या एक बाई. दोघांची आधीपासून जुंपलेली. आजोबा म्हणत होते, पोरानं शेवटच्या क्षणी पाठ फिरवली, मागचा बिचारा काय करणार? बाई म्हणत होत्या, पाठ दिसली की थांबायचं, लहानपणापासून हेच शिकवतात. भाच्यानं जॅकेट काढायच्या आत उडी घेतली. "तो मेजर नव्हताच! दोन मिनिटं द्या आणि पुढे चला."

बारटेंडरनं ग्लास पुसता पुसता रिमोट उचलला. त्याचा नियम असा की पहिल्यांदा पूर्ण वेगात बघायचं, दोनदा. स्लो मोशन नंतर. त्याचं म्हणणं, सावकाश दाखवलं तर कुठलीही धडक खुनासारखी दिसते आणि प्रत्येक खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असं वाटतं. रेफरीला पहिल्यांदा दिसतं ते पूर्ण वेगातच. दोनदा बघितलं. आजोबा म्हणाले, "बघा." बाई म्हणाल्या, "बघा." एकच दृश्य बघून.

मग त्यानं फ्रेम एकेक करून पुढे नेली. आणि विचारलं एवढंच, की पाठीवरचा नंबर पहिल्यांदा पूर्ण कधी दिसतो? एका फ्रेमला डिफेन्समनचा खांदा आडवा, नंबरचा अर्धा आकडा. मागचा अजून हाताच्या अंतरावर नाही, पाय ढकलतोय. पुढे दोन-तीन फ्रेम, नंबर पूर्ण. मागच्याचा पाय अजून ढकलतोच आहे. म्हणजे पाठ दिसल्यानंतरही त्यानं जोर कमी केला नाही. "आता ही पावलं थांबवण्याइतका वेळ होता का, ते तुम्ही ठरवा," म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला बिअर भरायला गेला. बोर्डिंगला मायनर द्यायची की मेजर हे रेफरीनंच जोर बघून ठरवायचं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना भांडायला जागा उरतेच. ती जागा त्यानं मुद्दाम उघडी ठेवली. धंद्याच्या दृष्टीनंही बरोबरच आहे म्हणा.

माझं मत विचाराल तर मेजर योग्य. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

मग गाडी चॅलेंजवर आली. मिशिगनच्या कोचनं आधी एका गोलवर गोलीला (गोलकीपरला) अडथळा झाला म्हणून चॅलेंज केलं होतं, ते फसलं. कॉलेज हॉकीत चॅलेंज टाइमआउटच्या बदल्यात मिळतं, फसलं की टाइमआउट गेला, आणि तो पूर्ण मॅचमध्ये एकच असतो. शेवटच्या मिनिटाला गोली बाहेर काढून सहावा गडी आणला तेव्हा श्वास घ्यायला टाइमआउट हवा होता, तो नव्हता. आजोबांचा राग आता रेफरीवरून कोचवर गेला. नवरा मला कोपरानं ढोसून हसत होता.

आजोबांच्या पोतडीत 2010 सुद्धा होतं. फोर्ट वेनची रिजनल, समोर मायामी (ओहायोतली, फ्लोरिडातली नव्हे), पहिल्या ओव्हरटाइममध्ये मिशिगननं पक जाळीत घातला आणि खेळ आधीच थांबला होता म्हणून गोल धरला नाही. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये मायामी 3-2 जिंकली, मिशिगनचा सीझन संपला. त्या बाईंनी यावर, मला वाटलं टोमणा मारतील, पण फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, तो गोल होता. मिशिगनवर अन्याय झाला असं हिरव्या स्वेटरमधून ऐकायला मिळणं दुर्मिळ. आजोबांनी त्यांना फ्राइड पिकल्स देऊ केले.

लीगच आपल्या विरुद्ध आहे, यावर मात्र दोघांचं एकमत. रेफरी बिग टेन नेमते, आणि हिरव्यांना खात्री आहे की बिग टेनला मिशिगन जिंकायला हवं असतं, पिवळ्यांना खात्री आहे की उलट. 2013-14 च्या आधी बिग टेनची वेगळी हॉकी लीगच नव्हती, या दोन्ही टीम सीसीएचए या दुसऱ्या लीगमध्ये असत. तेव्हाही हेच म्हणायचे, असं आजोबांनीच कबूल केलं.

भिंतीवरच्या फोटोंमध्ये माइक लेगचा गोल आहे, 1996 चा. मिनेसोटाविरुद्ध, जाळीच्या मागे उभं राहून पक स्टिकच्या पात्यावर उचलला आणि वरच्या कोपऱ्यात अलगद ठेवला. तेव्हापासून जगभर या चालीला 'मिशिगन' म्हणतात. भाचा येणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवतो आणि नवरा प्रत्येक वेळी आठवण करून देतो की ती रिजनल ईस्ट लान्सिंगला, मनमध्ये झाली होती. "आमच्या बर्फावर शिकलात, रे." त्या वर्षी मिशिगननं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, त्यावर नवरा काही बोलत नाही.

आता खाण्याचं. डेट्रॉइट पद्धतीचा चौकोनी पिझ्झा चांगला आहे. कडेला चीज पॅनला चिकटून काळपट कुरकुरीत होतं, सॉस वरून पट्ट्यांनी घातलेला असतो. चार कोपऱ्यांचे तुकडे आधी उचला, त्यावरूनही आमच्यात भांडण होतं आणि त्यात रिप्ले नसतो. छोटा पॅन साधारण 17 डॉलर, दोघांना पुरतो. शाकाहारी मंडळींनी ब्लॅक बीन बर्गरच्या नादाला लागू नये, कोरडा ठाक. फ्राइज गरम आल्या तर नशीब. फ्राइड पिकल्स मात्र मागवाच, बरोबर व्हर्नर्सचं जिंजर एल. चहा मागितला तर कोमट पाण्याचा कप आणि बाजूला पिशवी येते. ते मागणाऱ्याचीच चूक धरावी.

सर्व्हिस सावकाश आहे. ऑर्डर दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत पिझ्झा आला तर समजा मिशिगन मोठ्या फरकानं हरलंय आणि लोक सरळ घरी गेलेत. आवाज फार. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांना शुक्रवारी आणू नका, मंगळवारी दुपारी आणा, तेव्हा ही एक साधी शांत बेकार जागा असते. लहान मुलं चालतात. भाषा मात्र यॉस्टमधल्या विद्यार्थ्यांच्या गॅलरीतली असते, आणि तिथे पाहुण्यांच्या खेळाडूला पेनल्टी झाली की जे सामुदायिक ओरडतात ते मी इथे लिहू शकत नाही.

मारामारी बघायला येणाऱ्यांसाठी: ही प्रो हॉकी नाही. कॉलेजात पोरं तोंडावर पूर्ण जाळी लावून खेळतात आणि भांडला की मॅचबाहेर, वर पुढची मॅचही गेली. मारामारी होते ती इथे, तोंडी.

एक तक्रार गंभीर आहे. गर्दी वाढली की मालक रिमोट बारटेंडरकडून काढून घेतो आणि मोठ्या टीव्हीवर दुसरी कुठलीतरी मॅच लावतो, म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांचा विचार करावा लागतो. त्या रात्री अकराच्या सुमाराला ऑफसाइडचा प्रश्न ऐन रंगात असताना हेच झालं. दोन्ही रंगांनी मिळून ओरडा केला. रिमोट परत आला, पण तोवर बारटेंडरची पाळी संपली होती आणि नव्या मुलीला ब्लू लाइन (ऑफसाइड ठरवणारी रेघ) म्हणजे काय हे समजावण्यातच सगळ्यांचा वेळ गेला. एक स्टार त्यासाठी कापला. अर्धा बर्गरसाठी.

पार्किंग मॅचच्या रात्री विसरा. गाडी जिथे लावून यॉस्टला आलात तिथेच राहू द्या आणि चालत या. फेब्रुवारीत टोपी घालून.

या दोन टीमची मॅच बऱ्याचदा शुक्रवारी एका गावात आणि शनिवारी दुसऱ्या गावात असते. शनिवारी मॅच मनमध्ये असली तरी ही जागा भरते, पण तेव्हा बारटेंडर लाइव्ह चालू असताना रिप्ले लावत नाही, इंटरमिशनपर्यंत थांबायला लावतो. शुक्रवारचं उरलेलं भांडण तोवर पुरतं.

बुकिंग घेत नाहीत. तिसऱ्या पीरियडची पाच मिनिटं उरली असताना घरातल्या एकाला पुढे पाठवून टेबल धरायचं. आम्ही नवऱ्याला पाठवतो. स्टेट हरत असेल तर तो एका शब्दात उठतो. जिंकत असेल तर हलत नाही, आणि मग आम्ही बारपाशी उभं राहून खातो.