थर्मल घ्यावा की रिबनवाला?

बेळगावात शहापुरातल्या साडीच्या दुकानाला आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीला एकच लेबल प्रिंटर चालेल, असं विक्रेता बिनधास्त सांगतो. चालेलही, पण लेबल किती दिवस टिकेल ते विचारा.

डायरेक्ट थर्मलमध्ये शाई नाही, रिबन नाही. कागदावरचा लेपच उष्णतेने काळा होतो, त्यामुळे खर्च फक्त रोलचा. पण तोच लेप उन्हाने आणि तेलाने बिघडतो. कुंद्याच्या (आमची दुधाची मिठाई) डब्याला एवढं पुरे. डबा आठवडाभरात संपतोच. (आमच्या घरी संध्याकाळपर्यंत.)

थर्मल ट्रान्सफरमध्ये रिबनवरची शाई वितळून लेबलवर बसते. साध्या कागदाला वॅक्स रिबन. तेल, ग्रीस, घासाघीस सोसायची तर पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन. फाउंड्रीतल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, तेच लावा. साडी दोन वर्षं रॅकवर पडून राहते, तिलाही मी ट्रान्सफरच घेईन. रिबन बदलणं मात्र वैतागाचं. सुरकुती पडली की बारकोडात पांढरी रेघ उमटते आणि स्कॅनर मुका होतो.

२०३ डीपीआय, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, दोन्हीत मिळतं. सराफाच्या चिमुकल्या टॅगला ३०० घ्या.

अजून मन ठरत नसेल, तर ट्रान्सफरचे बहुतेक प्रिंटर रिबन काढून थर्मल रोलवरही चालतात. उलटं जमत नाही.