मस्कीसाठी रॉड, रील, दोरी आणि लीडर: पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

मिनेसोटात मस्की या मोठ्या शिकारी माशाचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि १ डिसेंबरला संपतो. गेल्या हंगामाच्या तोंडावर मी दोन पूर्ण सेट जमवले आणि तळी गोठायला लागेपर्यंत तेच वापरले. बहुतेक वेळ लेक मिनेटोंकावर, कारण ते घरापासून जवळ. सुट्टी जोडून आली की मिल लॅक्स तळं, आणि ऑगस्टात वर उत्तरेला व्हर्मिलियन तळ्यावर. इथले बरेच मराठी मित्र वॉलआय आणि बास या माशांच्या मागे असतात. त्यांना मस्कीही करायची असते, पण दुकानात सामानाच्या भिंतीसमोर उभं राहिलं की काय उचलावं ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मस्की हा पाइकच्या कुळातला सर्वांत मोठा मासा. मिनेसोटाचा सध्याचा विक्रम मिल लॅक्सवरच झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ५५ पौंड १४.८ औंस. त्याआधीचा ५४ पौंडांचा विक्रम १९५७ पासून टिकून होता. असे आकडे वाचले की वाटतं, पन्नास पौंडी मासा ओढणारं सामान हवं. माझं मत वेगळं आहे आणि या हंगामानंतर ते आणखी पक्कं झालंय. मासा लागल्यावरची झटापट काही मिनिटांत संपते. सामानाची खरी झीज होते ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत जड ल्यूर (खोटी आमिषं) फेकण्यात आणि ओढून आणण्यात. म्हणून आधी कोणते ल्यूर फेकणार ते ठरवा, आणि त्यांच्या वजनावरून रॉड, रॉडवरून रील, असं मागे मागे जा. माशाचं वजन या हिशेबात सगळ्यात शेवटी येतं.

माझ्याकडे मुख्यतः तीन प्रकार चालतात. एक, दहा नंबरच्या दोन पात्यांचा बकटेल (फिरती पाती आणि मागे केसांचा झुपका असलेला ल्यूर), अडीच-तीन औंसांचा. दोन, बुल डॉगसारखी रबरी आमिषं. त्यातलं मॅग्नम अर्ध्या पौंडाच्या घरात जातं, आणि पाउंडर नावाप्रमाणे पूर्ण पौंडाचं. तीन, सुइकसारखी लाकडी जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायची आमिषं. या तिघांना एकच रॉड पुरेल असं दुकानदार सांगतो. नवशिक्याला तेवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही, पण पाउंडर त्यातून वगळा.

पहिला रॉड ९ फुटी, हेवी, त्यावर ३ ते ८ औंस असं छापलेलं आहे. एकच घ्यायचा असेल तर डोळे झाकून हाच घ्या. पूर्वी मस्कीला साडेसहा-सात फुटी रॉड चालायचे, आता ९ फुटी सर्रास झालेत, आणि त्यामागे लांब फेकीपेक्षा मोठं कारण आहे. मस्की बऱ्याचदा ल्यूरच्या मागे मागे बोटीपर्यंत येते आणि तोंड न लावता थांबते. तेव्हा ल्यूर पाण्याबाहेर काढायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात घालायचं आणि बोटीला लागून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं. चार फुटांच्या माशाला आखूड वळण घेता येत नाही. आठ जेवढा मोठा आणि गोल, तेवढी ती ल्यूरच्या मागावर राहण्याची शक्यता जास्त. ९ फुटी रॉडने मोठं वळण सहज निघतं आणि टोक दोन फूट खोल नेता येतं. सात फुटीने तेच करताना कमरेतून वाकावं लागतं, आणि दिवसभरात पाठ भरून येते.

दुसरा साडेनऊ फुटी, एक्स्ट्रा हेवी, फक्त मोठ्या रबरासाठी. याची खरी गंमत टोकात नाही, मुठीत आहे. मूठ लांब असल्यामुळे दोन्ही हातांनी, खांद्यातून फेकता येतं आणि ओढताना बुंधा काखेत धरता येतो. मनगटावरचा भार निम्मा होतो. दोन्ही रॉड मुठीपाशी आत सरकणारे घेतले. एकसंध ९ फुटी काठी साध्या गाडीत मावत नाही, आणि बोटीच्या पेटीतही बऱ्याचदा नाही.

जर्कबेटला मात्र हे दोन्ही रॉड लांब पडतात. सुइकला खाली झटके द्यावे लागतात आणि प्रत्येक झटक्याला टोक पाण्यावर आपटतं. आठ फुटी ताठ रॉड मित्राचा मागून वापरला, त्यावर तेच लाकूड खूप छान चाललं. पुढच्या हंगामात तो माझा तिसरा असेल.

आता रील. बकटेलवर शिमानो ट्रँक्स ४००, रबरावर ट्रँक्स ५००. ४०० चं वजन साधारण १२ औंस आणि ५०० चं २१ च्या आसपास. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो, दुपारनंतर हाताला चांगलाच कळतो. म्हणून ५०० सरसकट सगळ्यांना सुचवणार नाही. मॅग्नमपर्यंतच जायचं असेल तर ४०० पुरतो.

गिअर रेशोबद्दल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचा स्पूल किती फेरे घेतो त्याबद्दल, जरा थांबून सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. ४०० दोन रेशोंत मिळतो, ५.८ आणि ७.६. मोठा आकडा म्हणजे वेगवान, आणि वेगवान म्हणजे चांगला, असं समजून लोक ७.६ घेतात. दहा नंबरची दोन पाती पाण्यातून ओढणं म्हणजे भरलेली बादली विहिरीतून शेंदण्यासारखं आहे, आणि बादली कधी वर येतच नाही. उंच रेशोवर प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो. तासाभराने आपोआप वेग कमी होतो आणि घेतलेल्या रेशोचा उपयोगच राहत नाही. मी ५.८ घेतला आणि लांब दांड्याचं हँडल. सप्टेंबरपर्यंत कोपर कुरकुरलं नाही. रबराचं गणित उलटं आहे. तिथे रॉडने ओढायचं आणि रीलने फक्त सैल दोरी गोळा करायची, त्यामुळे ५०० चा वेगवान रेशो कामाला येतो.

स्वस्त रीलचाही अनुभव जवळून पाहिला. एका मित्राने दुसऱ्या कंपनीचं, जवळजवळ निम्म्या किमतीचं रील तेच बकटेल फेकायला घेतलं. ऑगस्टमध्ये हँडलला खेळ आला आणि नंतर आतून दाणेदार खरखर जाणवू लागली. तो माझ्यापेक्षा कमी वेळा पाण्यावर गेला होता. पैसे मोजकेच असतील तर रॉड मध्यम घ्या, रील चांगलं घ्या. माझं ४०० तीनशे डॉलरच्या आसपास गेलं आणि रॉड दोनशेला. आजही हीच वाटणी करेन.

दोरीत फारसं डोकं खर्च करायचं नाही. बकटेलवर ८० पौंडी ब्रेडेड (विणलेली दोरी), रबरावर १०० पौंडी, दोन्ही पॉवर प्रो. ८० पौंडीची जाडी साधारण १८ पौंडी तंगुसाएवढीच असते, त्यामुळे फेकीत अडथळा येत नाही. कुणी म्हणेल, पन्नास पौंडी का नको, मासा तर तेवढ्याचाही नसतो. कारण पुन्हा फेकीत आहे. अर्धा पौंडाचा ल्यूर जोरात सुटलेला असताना रीलमध्ये गुंता झाला की दोरीला असा हिसका बसतो की बारीक दोरी तटकन तुटते आणि वीस-पंचवीस डॉलरचा ल्यूर दोरीविना तळ्यात जाऊन पडतो. शिवाय बारीक दोरी ताणाखाली रीलवरच्या थरांत रुतून बसते आणि पुढची फेक अर्ध्यात अडते. ब्रेडेडच्या खाली थोडं साधं तंगूस गुंडाळायला विसरू नका, नाहीतर सगळी दोरी स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडल्यासारखा वाटतो. गाठ पालोमार नावाची. दर एक-दोन खेपांनी पुढची चार-पाच फूट दोरी कापून टाकतो आणि गाठ नव्याने मारतो. रंग उडाला तर उडू दे, त्याने काही बिघडत नाही.

लीडरवर, म्हणजे दोरी आणि ल्यूरच्या मधल्या जाड तुकड्यावर, मात्र मनापासून वेळ द्या. सगळ्या सेटमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, दहा-पंधरा डॉलरची, आणि माशाच्या जिवाचा प्रश्न इथे आहे. ब्रेडेड दोरी मस्कीच्या दातांवर क्षणात कापली जाते. मग तोंडात तीन टोकांचे तीन गळ घेऊन ती निघून जाते. मधे लीडर असायलाच हवा, आणि त्याची टोकं जाणकार माणसाने दाबलेली हवीत.

बकटेल आणि रबराला मी १३० पौंडी फ्लुओरोकार्बन (तंगुसासारखा पारदर्शक धागा) वापरतो, जवळपास मिलीमीटरभर जाड. दोन्ही टोकांना धातूच्या नळीने दाबलेलं, एका बाजूला बॉल बेअरिंगचं स्विव्हल (फिरता जोड), दुसऱ्या बाजूला ल्यूर अडकवायचा जाड तारेचा स्नॅप. फ्लुओरोकार्बन दातांनी कापलंच जात नाही हा गैरसमज आहे, ते जाडीमुळे टिकतं. सप्टेंबरात एका रात्री मिनेटोंकावर आठच्या दुसऱ्या वळणावर मासा लागला. टोक पाण्यातच होतं, अंधारात फक्त हाताला गच्च धक्का कळला. माप न घेता पाण्यातच सोडला. नंतर डोक्यावरच्या दिव्याखाली लीडर पाहिला, तर स्नॅपच्या वरचा चार बोटं भाग पांढुरका आणि खरबरीत झाला होता, एका ठिकाणी सालटं उचललेलं. अंगठ्याचं नख खालून वर फिरवलं की ते सालटं नखात अडकतं. नख अडकलं की लीडर कचऱ्यात. यात काटकसर करू नका. प्रत्येक माशानंतर आणि दगडांवरून ओढल्यानंतर नख फिरवायची सवय हाताला लागली पाहिजे.

जर्कबेटला फ्लुओरोकार्बन नको, एकपदरी ताठ तार हवी. झटका दिल्यावर लाकडी आमिष पुढे सरकतं आणि दोरी सैल पडते. मऊ लीडर तेव्हा वळून पुढच्या गळात अडकतो. ताठ तार सरळ राहते. तार एकदा कोनात मुडपली की ती सरळ करून वापरायची नाही, मुडपलेल्या जागीच ती तुटते.

लांबीचं गणित आठशी जोडलेलं आहे. फेकीसाठी १२ ते १८ इंच. त्याहून लांब लीडर लावला तर बोटीजवळ स्विव्हल रॉडच्या टोकाला, दोरी जाते त्या कडीला जाऊन भिडतं आणि कडीचं अस्तर फुटतं. बोट चालवत ल्यूर मागे ओढताना मात्र तीन फूट किंवा जास्त हवा, कारण मासा अंगाभोवती दोरी गुंडाळून घेतो आणि कल्ल्याच्या झाकणाची धार दोरीला लागते. मिनेसोटात खुल्या पाण्यात माणशी एकच दोरी टाकता येते, तेव्हा ती एक नीट असलेली बरी.

स्नॅपकडेही बघत जा. एका पुड्यातले स्नॅप मोठ्या रबराच्या हिसक्यांनी हळूहळू उघडत गेलेले आढळले. तो पुडा कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही. तार बारीक होती आणि मोठ्या आमिषाला ती चालत नाही, हे दुकानातच बोटांनी दाबून कळू शकतं.

ऑक्टोबरअखेर मिल लॅक्सवर वेगळीच परीक्षा होते. ओली ब्रेडेड दोरी पाणी घेऊन येते आणि वरच्या छोट्या कड्यांत बर्फ धरतो. फेक आखूड होत जाते. टोक पाण्यात बुडवलं की बर्फ सुटतो. कडीला नखाने किंवा पक्कडीने खरवडू नका, अस्तराला चीर गेली की तीच चीर दोरी खाते. या थंडीत ५०० चं मोठं हँडल जाड हातमोज्यांतही पकडता येतं, आणि तेव्हा त्याचं वजन मला खटकलं नाही.

या सगळ्या जाड, ताठ सामानाचा माशालाच फायदा असतो. इथे मस्की ठेवायची किमान लांबी ५४ इंच आहे आणि हौशी लोक त्याहून मोठीही सोडून देतात. हलक्या सामानावर तिला दमवत बसलं तर ती सोडल्यावर जगेलच असं नाही. ड्रॅग घट्ट, मासा लवकर जाळ्यात, जाळं पाण्यातच, आणि गळ खोल रुतला असेल तर क्निपेक्स कंपनीच्या छोट्या कटरने गळच कापायचा. रबराचा लेप दिलेलं मोठं जाळं आणि हा कटर नसेल तर रॉडवर पाचशे डॉलर घालू नका. पाणी ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या वर गेलं की मस्की करायचीच नाही. जुलैच्या उकाड्यात आम्ही सरळ वॉलआयकडे वळलो.

देवगडहून भावाने विचारलं होतं की हा ९ फुटी रॉड सुट्टीत गावी आणला तर खाडीत जिताड्याला चालेल का. चालणार नाही. ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम, आणि तिथे आपण २०-३० ग्रॅमचे ल्यूर फेकतो. एवढ्या वजनाने हा रॉड वाकतच नाही, तर फेक कुठून जाणार? खडपावरून गरवायलाही तो विनाकारण जड. त्यासाठी मी त्याला वेगळा मीडियम हेवी रॉड नेऊन देणार आहे.

हंगाम संपल्यावर दोन्ही रील गोड्या पाण्याने पुसून, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवली. ड्रॅग आवळून ठेवला तर आतल्या चकत्या चिकटतात. १०० पौंडी दोरी उलटी गुंडाळली, आतला न वापरलेला भाग आता वर आला. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवला. साडेनऊ फुटीच्या टोकाच्या कडीत धागा अडकला, बारीक चीर आहे. ती कडी जून उजाडायच्या आत बदलून घेणार आहे आणि फ्लुओरोकार्बनचे अर्धा डझन लीडर घरीच दाबून ठेवणार आहे.