रेव्हिस की शर्मन? कॉर्नरबॅक बघायला शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते आणि टीव्हीचा कॅमेराही चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चिकटलेला असतो. त्यामुळे कॉर्नरबॅक दिसतच नाही. मैदानाच्या कडेला, समोरच्या संघाच्या सर्वांत वेगवान रिसीव्हरसमोर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यासमोर, एकटा उभा असलेला हा बचावपटू पडद्यावर येतो तो बहुतेक वेळा सगळं बिनसल्यावरच. टचडाउन झालेला असतो, म्हणजे समोरच्यांनी चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवलेले असतात, आणि हा दोन पावलं मागे असतो. त्याने काम चोख केलं, तर चेंडू त्याच्या बाजूला फेकलाच जात नाही आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून ही जागा समजून घ्यायची असेल, तर एखाद्या खेळाडूची कारकीर्द धरून जुने सामने बघणं बरं. गेल्या वीस वर्षांतली दोन नावं त्यासाठी हमखास पुढे येतात: डॅरेल रेव्हिस आणि रिचर्ड शर्मन. वेळ एकालाच देता येणार असेल तर कुणाला द्यायचा? अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरातलं पोर हायस्कूलच्या टीममध्ये कॉर्नर खेळत असेल, तर त्याने कुणाकडे बघायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉर्नरबॅक म्हणून रेव्हिस सरस. पण कारकीर्द म्हणून समोर ठेवायची तर शर्मनची.

आधी कामाची अडचण समजून घेऊ. रिसीव्हरला कुठे पळायचंय, कधी वळायचंय हे ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला ते ओळखावं लागतं, तेही बऱ्याचदा उलट्या पावलांनी मागे पळत. पहिल्या पाच यार्डांत त्याला रिसीव्हरला हाताने रेटता येतं, त्यापुढे हात लावला की दंड. चेंडू हवेत असताना धरलं किंवा ढकललं, तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये चेंडू थेट त्या चुकीच्या जागी नेऊन ठेवतात. म्हणजे एका हिसक्यात चाळीस यार्डही जाऊ शकतात. या पाच यार्डांत दोघं काय करतात, तिथेच त्यांचे रस्ते वेगळे होतात.

रेव्हिसचं बेट

रेव्हिस पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपाचा. पोलादाच्या कारखान्याबरोबर उतरणीला लागलेलं हे छोटं गाव. एनएफएलमध्ये गाजलेले माइक डिट्का आणि टाय लॉ हेही तिथलेच. पिट्सबर्ग विद्यापीठातून तो २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, आला. न्यूयॉर्क जेट्सने त्याच्यासाठी आपली पाळी वर सरकवून घेतली आणि चौदाव्या क्रमांकावर त्याला उचललं.

त्याचं २००९ चं वर्ष म्हणजे या जागेचं पाठ्यपुस्तक. नवे प्रशिक्षक रेक्स रायन यांना क्वार्टरबॅकवर जास्तीत जास्त माणसं सोडायची होती, आणि तसं केलं की मागे बचावाला माणसं कमी पडतात. हिशेब जुळवला रेव्हिसने. समोरच्या संघाचा पहिल्या नंबरचा रिसीव्हर त्याच्या एकट्याच्या वाट्याला, मागे कुणाची मदत नाही. तो रिसीव्हर डावीकडे गेला तर हा डावीकडे, उजवीकडे गेला तर उजवीकडे. याच एकटेपणावरून ‘रेव्हिस आयलंड’ हे नाव रूढ झालं.

त्या वर्षी कोण कोण त्याच्या बेटावर येऊन गेलं बघा. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनचा आंद्रे जॉन्सन: चार झेल, ३५ यार्ड. हाच जॉन्सन त्या हंगामात १,५६९ यार्डांसह लीगमध्ये अव्वल ठरला. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडचा रँडी मॉस: चार झेल, २४ यार्ड. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात सिनसिनाटीच्या चॅड ओचोसिंकोला शून्य झेल, आणि जेट्सचा ३७–० विजय. हंगामाअखेर रेव्हिसच्या नावावर ६ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधल्यामध्ये पकडणं) आणि अडवलेले ३१ पास होते. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब मात्र पॅकर्सच्या चार्ल्स वुडसनला गेला. हे मला आजही पटत नाही.

त्याचे हात आणि पाय जरा जवळून बघा. खेळ सुरू होऊन चेंडू क्वार्टरबॅककडे सुटताना तो रिसीव्हरच्या अगदी तोंडासमोर असतो. एक हात छातीवर, आणि धक्का असा की माणूस पडत नाही, पण त्याची पहिली दोन पावलं चुकतात. पासचा सगळा मेळ वेळेवर बसवलेला असतो, त्यामुळे अर्धा सेकंद गेला तरी क्वार्टरबॅकला दुसरीकडे बघावं लागतं. मग तो रिसीव्हरला हळूहळू बाहेर, साइडलाइनकडे दाबत नेतो. रेषेबाहेर झेल धरला तर तो झेलच नाही. म्हणजे ती रेषा फुकटात मिळालेला दुसरा बचावपटू.

शर्मनचा डावा कोपरा

शर्मन लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा. वडील लॉस एंजेलिसमध्ये कचऱ्याच्या गाडीवर कामाला, पोरगा हायस्कूलमध्ये दुसरा आला आणि स्टॅनफर्डला गेला. तिथे तो आधी रिसीव्हर होता. गुडघ्याच्या दुखापतीनंतर कॉर्नरबॅक झाला, त्यामुळे २०११ च्या ड्राफ्टमध्ये या जागेवरचा त्याचा अनुभव जेमतेम दोन हंगामांचा. सिॲटल सीहॉक्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं, १५४ व्या क्रमांकावर. मैदानावर पहिली संधी मिळाली तीही पुढची माणसं जखमी झाली म्हणून.

पण प्रशिक्षक पीट कॅरल यांना हवा होता नेमका असाच कॉर्नर. सहा फूट तीन इंच उंच, लांब हातांचा. त्यांची पद्धत अशी: मैदानाच्या खोल भागाचे तीन पट्टे. मधला सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा बचावपटू, अर्ल थॉमसचा, कडेचे दोन कॉर्नरबॅकचे. डाव्या कडेला शर्मन. रिसीव्हर कुणीही असो, हा आपली बाजू सहसा सोडत नाही. चेंडू सुटल्यावर झेपावायची घाई नाही. जागेवर उभं राहून रिसीव्हरला आधी हलू द्यायचं, मग त्याच्यासोबत मागे जायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून क्वार्टरबॅक वाचत राहायचं. रिसीव्हर म्हणून घालवलेली वर्षं इथे कामी आली. कोणता मार्ग येणार हे त्याला अनेकदा समोरच्याच्या आधी कळे, निदान बघताना तरी तसं वाटे.

पहिल्या चार हंगामांत २४ इंटरसेप्शन. त्यातली २०१३ ची ८ ही लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्यासकट सिॲटलच्या मागच्या फळीला ‘लीजन ऑफ बूम’ म्हणत, आणि २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं सर्वांत कमी गुण दिलेला संघ सिॲटलच होता.

टीकाकार म्हणतात, एका बाजूला उभं राहून, मागे अर्ल थॉमस असताना हे कुणालाही जमेल. कुणालाही जमलं नसतं, पण आक्षेपात तथ्य आहे. रेव्हिसला आठवडाभर एका माणसाचा अभ्यास करून त्याच्यामागे मैदानभर फिरायचं होतं. शर्मनला एक पट्टा राखायचा होता. दुसऱ्या बाजूने शर्मनचे चाहते इंटरसेप्शन मोजून दाखवतात: कारकिर्दीत शर्मनची ३७, रेव्हिसची २९. खुद्द शर्मनने २०१३ च्या फेब्रुवारीत ट्विटरवर तेव्हाच्या इंटरसेप्शनचा हिशेब रेव्हिसच्या तोंडावर फेकला होता. हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. बुमराची षटकं सांभाळून खेळायची आणि दुसऱ्या टोकाच्या बोलरला ठोकायचं, हे आपण सगळे बघतो. म्हणून बुमराच्या विकेट कमी झाल्या तर तो कमी पडला असं कुणी म्हणत नाही. रेव्हिसकडे चेंडूच येईना, तर तो पकडणार काय?

पैसा

इथे मात्र तुलना खरी रंगते, आणि घरात खेळणारं पोर असेल तर हा भाग दोनदा वाचा. एनएफएलचा करार दिसतो तेवढा नसतो. छापून येणाऱ्या रकमेतली हमी किती, एवढंच खरं. बाकीचे पैसे संघ तुम्हाला ठेवेल तोवरचे.

रेव्हिसला हे लवकर कळलं. २०१० मध्ये तो ३६ दिवस सरावालाच गेला नाही आणि ४ वर्षांचे ४ कोटी ६० लाख डॉलर घेऊन परतला, त्यातले ३ कोटी २० लाख हमीचे. त्याची किंमतही मोजली. दुसऱ्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला, आणि आदल्या वर्षी ज्याला जखडलं होतं त्या मॉसने एका हाताने झेल घेत त्याच्यावर टचडाउन केला. २०१२ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये जेट्सने त्याला टँपा बेला देऊन टाकलं. तिथला करार ६ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा, हमी शून्य. एका हंगामाचे १ कोटी ६० लाख देऊन टँपाने त्याला मोकळं केलं. मग न्यू इंग्लंडकडे एक वर्ष, १ कोटी २० लाख. मग पुन्हा जेट्स: ५ वर्षं, ७ कोटी, पैकी ३ कोटी ९० लाख हमीचे, खेळला त्यातली दोन. एकूण कमाई १२ कोटी डॉलरच्या वर. लोक त्याला भाडोत्री म्हणाले. मला तो आपल्या गुडघ्यांचं आयुष्य नीट ओळखणारा माणूस वाटतो. (२०२५ मध्ये सॉस गार्डनरने जेट्सशी ४ वर्षांचा १२ कोटी ४ लाखांचा करार केला. या जागेचा भाव एवढा वर नेण्यात रेव्हिसच्या हट्टाचा वाटा आहेच.)

पण रेव्हिसला हे परवडलं, कारण तो पहिल्या फेरीतला होता आणि २००९ त्याच्या खिशात होतं. पाचव्या फेरीतल्या मुलाला सरावाला दांडी मारून बसता येत नाही. शर्मनने लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शन केली त्या २०१३ मध्ये त्याचा पगार होता साधारण साडेपाच लाख डॉलर. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकल्यावर, मे २०१४ मध्ये, ४ वर्षांचे ५ कोटी ६० लाख मिळाले, त्यातले ४ कोटी हमीचे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये टाचेमागचा स्नायुबंध तुटला, मार्चमध्ये सिॲटलने सोडलं, आणि काही दिवसांतच तो सॅन फ्रान्सिस्कोत होता. तो करार त्याने एजंटाशिवाय स्वतः केला. हमी कमी, बाकीचं सगळं ‘खेळून दाखवलं तर’. जाणकारांनी नाकं मुरडली. २०१९ मध्ये त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंमध्ये, निवड झाली आणि ठरल्याप्रमाणे पैसे चालत आले.

एकाच मैदानावर

१ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल दोघांसाठी एकत्र बघण्यासारखा. इकडे न्यू इंग्लंडचा रेव्हिस, तिकडे सिॲटलचा शर्मन, तोही कोपराची दुखापत घेऊन. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक ब्रेडी शर्मनची बाजू टाळत राहिला आणि दुसऱ्या कॉर्नरवर, बदली आलेल्या थॅरल्ड सायमनवर, हात साफ करत राहिला. रेव्हिसवर सिॲटलच्या डग बाल्डविनने टचडाउन केला, पण तो क्षण थांबवून बघा: वळताना रेव्हिस चक्क अंपायरमध्ये अडकतो.

आणि शेवटी सामना जिंकून दिला तो या दोघांपैकी कुणीच नाही. ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला, पहिल्याच हंगामातला माल्कम बटलर गोलरेषेवर चेंडूवर तुटून पडला. न्यू इंग्लंड २८–२४. त्याच्या शेजारी सिॲटलचा रिसीव्हर जर्मेन कर्सला जागेवर रोखून धरणारा ब्रँडन ब्राउनर होता, आदल्या वर्षापर्यंत सिॲटलमध्ये शर्मनचा जोडीदार.

उतारवयात दोघांचं गणित वेगळं झालं. रेव्हिसचा खेळ पायांच्या चपळाईवर उभा होता, त्यामुळे पाय थकले तसं सगळंच एकदम गेलं. २०१६ च्या पहिल्या सामन्यात सिनसिनाटीच्या ए. जे. ग्रीनने जेट्सविरुद्ध १२ झेल आणि १८० यार्ड घेतले, त्यातले बरेच त्याच्यावर. शर्मनकडे उंची आणि अंदाज होता. ते इतक्या लवकर जात नाहीत. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत बचाव सांभाळणारे रॉबर्ट साला पूर्वी सिॲटलमध्ये काम केलेले, म्हणजे पद्धतही ओळखीची. एकतिसाव्या वर्षी तो पुन्हा सुपर बोलमध्ये होता, जरी त्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये सॅमी वॉटकिन्स त्याला चकवून ३८ यार्ड घेऊन गेला.

फुटबॉलमधल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेमने रेव्हिसला २०२३ मध्ये पहिल्याच खेपेला घेतलं. शर्मन २०२७ साठी पात्र होतो.

तर मग सुरुवात कुठून?

फक्त बघायचं असेल तर रेव्हिसचं २००९. जॉन्सनचा सामना घ्या, मिळालं तर वरून टिपलेलं चित्रण घ्या, चेंडू विसरा आणि २४ नंबरवर नजर ठेवा. एक क्वार्टर पुरे होतं.

खेळणाऱ्या मुलासाठी मात्र शर्मन. रेव्हिससारखा मैदानभर पाठलाग करायला रेव्हिसचेच पाय लागतात. थांबून वाचणं शिकता येतं. जागा उशिरा बदलली, निवड उशिरा झाली, मोठी दुखापत झाली, यातलं काही ना काही बहुतेकांच्या वाट्याला येतंच आणि शर्मन यातल्या सगळ्यातून गेलेला आहे. मुलाला १९ जानेवारी २०१४ चा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा सामना लावून द्या. अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलाय, सिॲटल २३–१७ ने पुढे, सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक केपरनिक एंड झोनच्या, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात आपल्या रिसीव्हरकडे, क्रॅबट्रीकडे चेंडू टाकतो. शर्मन वळून उडी मारतो आणि हाताने चेंडू मागे टोलवतो, तो जातो सिॲटलच्याच माल्कम स्मिथच्या हातात. सगळे हाच तुकडा बघतात, आणि त्यानंतरची ती गाजलेली आरडाओरड्याची मुलाखत. मुलाला सामना पहिल्यापासून बघायला लावा. त्याआधी शर्मनच्या बाजूला चेंडू किती वेळा आला, हे त्याचं त्यालाच मोजू दे.