जुनी शेअर सर्टिफिकेटं बघायची असतील तर मेनरोडच्या बोळातलं हे दुकान

नाशिकच्या रविवार कारंज्यावरून मेनरोडला शिरलं की एका बोळात हे दुकान आहे, पाटी नाही, बाहेर जुन्या नाण्यांची काचेची पेटी दिसली की समजायचं हेच. नाणी, पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर सगळं मिळतं पण मी तीनदा गेलो ते फक्त शेअर सर्टिफिकेटांसाठी.

दुकानातले काका विकायची घाई करत नाहीत, आधी समजावून सांगतात, आणि हेच मला सगळ्यात आवडलं. पहिल्या भेटीत त्यांनी मला सर्टिफिकेटावरचा ‘लिमिटेड’ शब्द बोटाने दाखवला आणि म्हणाले, हा एक शब्द आपल्याकडे 1857 च्या कायद्याने आला, त्याआधी कंपनी बुडाली तर भागीदाराच्या घरादारावर यायचं. आता विचार करा, कावसजी दावर या व्यापाऱ्याची मुंबईतली पहिली सूतगिरणी 1854 ची, एक शेअर 5000 रुपयांचा, आणि तरी व्यापाऱ्यांनी पैसे घातले! उलट मुंबईहून निघणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या शेअरवाल्यांना, जे बहुतेक विलायतेतले होते, त्यांना सरकारकडून 5 टक्क्यांची हमी, तोटा झाला तरी भरपाई आपल्या लोकांच्या करातून. हे ऐकून मला खरंच राग आला.

मग 1865. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, मुंबईत रोज नवी कंपनी निघायची, समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा 5000 चा शेअर 50,000 च्या घरात गेला, बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या, आणि युद्ध संपलं तसा कापूस पडला, 1 जुलैला वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे द्यायच्या बोलीवर केलेल्या सौद्यांचे, पैसे चुकवायची वेळ आली तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत कसारा घाटातून रेल्वे सुरू झालेली, म्हणजे आपल्या नाशिकवरून खानदेशचा कापूस थेट गाडीने मुंबईला जायची सोय झाली आणि काही महिन्यात बाजारच कोसळला. एवढं होऊनही लोकांनी शेअर सोडले नाहीत, 1875 मध्ये दलालांनी स्वतःची संघटना काढली, आणि 1907 ला टाटांच्या पोलाद कारखान्याला लंडनमध्ये भांडवल मिळेना तेव्हा मुंबईत तीन आठवड्यात सुमारे 8000 लोकांनी ते उभं केलं. मला वाटतं आपल्या शाळेच्या पुस्तकात हे लढाया आणि तहांच्या बरोबरीने असायला पाहिजे.

मी घेतलं ते एका बंद पडलेल्या गिरणीचं, 450 रुपयांना. खाली मॅनेजिंग एजंटची सही आहे. हे एजंट कंपनी चालवायचे आणि कितीतरी ठिकाणी कमिशन नफ्यावर नाही तर मालाच्या उत्पादनावर किंवा विक्रीवर घ्यायचे, म्हणजे शेअरवाल्याला डिव्हिडंड मिळो न मिळो यांचं घर चालू, ती पद्धत 1970 ला बंद झाली. सोबत शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा एक ट्रान्सफर फॉर्म फुकट दिला, त्यावर शेअर ट्रान्सफरची तिकिटं चिकटवलेली. घरी वडिलांना दाखवला, ते अशी तिकिटं छापणाऱ्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेत, तिकिटावरून हात फिरवत बराच वेळ बसले, ही आमच्याकडचीच म्हणाले.

तक्रारी दोन. काही चांगली सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली आहेत, त्याने कागद कायमचा खराब होतो, काकांना तसं सांगितलं तर म्हणाले आधीच्या मालकांनी केलंय, पण मग किंमत कमी लावा ना. आणि आत उजेड फार कमी, बारीक अक्षर मोबाईलच्या टॉर्चवर वाचावं लागतं. गाडी बोळात नेऊ नका, लांब लावून चालत जा.

साडेचार स्टार. रावळगाव शुगर फार्मचं जुनं सर्टिफिकेट आलं तर आधी मला फोन करा म्हणून सांगून आलोय, आपल्या जिल्ह्यातलं आहे ते, काकांनी वहीत नंबर लिहून घेतलाय.